पऱ्हाटीच्या काडीवरच्या खाचा

नांदुरा रोडच्या बाभळींना कापूस लागला की माझे डोळे चुरचुरायला लागतात. बाभळीला कापूस लागत नाही हे माझ्या आठवीच्या पोरांनाही ठाऊक आहे, पण दिवाळीनंतर आमच्याकडे तो लागतोच. शिगोशीग भरलेल्या गाड्या जिनिंगकडे निघतात, रस्त्यावर वाकलेल्या फांद्या जाता जाता मूठ मूठ कापूस ओढून घेतात आणि पंधरा दिवसांत सगळी काटेरी झाडं पांढऱ्या चिंध्या पांघरून उभी राहतात. मी खामगावात राहते आणि याच रोडवरच्या एका खेड्यातल्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हा कापूस मला रोज जाताना एकदा आणि येताना एकदा भेटतो. डॉक्टर म्हणतात ही ॲलर्जी आहे. असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, एरवी मी सगळ्यांशी घालते.

या वर्षी बाभळी पांढऱ्या झाल्या त्या आठवड्यात आई म्हणाली, "मंगल, एकडाव मले वडनेरले नेऊन आन." वडनेर म्हणजे वडनेर भोलजी. मी म्हटलं, रविवारी जाऊ, रिक्षा सांगते. तिनं मान हलवली. अंगणात ताडपत्रीखाली झाकलेल्या बाबांच्या गाडीकडे बोट केलं आणि म्हणाली, "रिक्षात नाई. आपल्या घरानं."

ती गाडी आमचं घर होती. हल्ली मोबाइलवर मोटारहोम म्हणून जे दाखवतात, आत फ्रिज, संडास, गुबगुबीत गाद्या, त्यातलं काही डोळ्यांसमोर आणू नका. चपट्या नाकाची, डिझेलवर खडखडणारी जुनी व्हॅन. आमच्याकडे येण्याआधी ती एका बेकरीची होती. बेकरी बंद पडली आणि बाबांनी ती घेतली. पहिला अख्खा हंगाम आम्ही भाजलेल्या पावाच्या वासात झोपलो. बाबांनी आणि त्यांचे दोस्त गजूभाऊ मिस्त्री यांनी मिळून आत घडीची फळी बसवली, खिडक्यांना जाळ्या मारल्या, पाण्याचा ड्रम पट्ट्यानं बांधला, स्टोव्हसाठी पत्र्याची पेटी केली. आईनं जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले. झालं घर.

बाबा जिनिंगचे फिटर. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात, आणि हंगामात रेचा बंद पडला की फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते, शेतकरी शिव्या घालतात, मालक घामाघूम होतो. तेव्हा ज्याच्याजवळ फिटर त्याचं भलं. म्हणून दिवाळी झाली की बाबा आणि आई गाडी घेऊन निघत, आणि खामगाव, नांदुरा, वडनेर, मोताळा असं फिरत शिमग्याच्या सुमारास घरी येत. मी शाळेसाठी मावशीकडे. दिवाळीची सुट्टी आणि शनिवार-रविवार मात्र माझे, त्या घरातले. बाबा रेच्याच्या दोन पट्ट्यांमधली फट पोस्टकार्ड सरकवून मोजत. कार्ड अडलं तर घट्ट, सहज गेलं तर सैल, कुरकुरत गेलं तर बरोबर. मी गणिताची मास्तरीण झाले त्याचं मूळ त्या कुरकुरीत आहे असं मला वाटतं. माप म्हणजे माप, त्यात माया नको, हे मी पोरांना वीस वर्षं सांगत आले. या हंगामात ते वाक्य मी जरा जपून बोलते.

तो काळ आठवतो तो आधी आवाजानं. रेच्यांची धडधड पायाखालच्या जमिनीतून यायची आणि ताटातलं वरण बारीक थरथरायचं. मग वास. सरकीचा उबदार, तेलकट वास आईच्या पदराला, भाकरीला, माझ्या वह्यांना लागलेला. मावशीकडे परतले की मावसबहीण म्हणायची, सरकीच्या ढेपीसारखी वास मारतेस. मला राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं. आगीची भीती फार. कापसाच्या गंजीला ठिणगी लागली तर गाव जळेल, म्हणून आमची गाडी नेहमी फाटकाबाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि स्टोव्हशेजारी वाळूच्या दोन बादल्या. वडनेरला फाटकाबाहेर एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत आई भाकरी थापायची आणि रेच्यावर कापूस टाकणाऱ्या बाया दुपारी डबे घेऊन तिच्याभोवती बसायच्या. त्यांच्या केसांवर, भुवयांवर कापूस. सगळ्या बाया एका सकाळीत म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसायच्या आणि हसायला लागल्या की परत तरण्या व्हायच्या. त्यातल्या शांताबाईशी आईचं इतकं जमलं होतं की गाडी हलली की दोघी डोळ्याला पदर लावायच्या. आता आईला जायचं होतं ते शांताबाईला भेटायला, त्या निंबाखाली एक दुपार बसायला.

मी सातवीत होते त्या दिवाळीच्या सुट्टीत मोताळ्याला आई पडली. हातात कढीचं पातेलं, गाडीतून उतरताना लुगड्याचा काठ पायरीच्या पत्र्याला अडकला, आणि ती गुडघ्यावर आली. वाटी सरकली. प्लास्टर, मग उशीवर पाय ठेवून खामगावात बसणं. तो उरलेला हंगाम बाबांनी एकट्यानं काढला. कधी खानावळीत जेवले, कधी नुसते फुटाणे खाऊन झोपले असावेत. घरी आले तेव्हा सदरा खांद्यावरून लोंबत होता.

पुढच्या दिवाळीला, मी आठवीत, आई पुन्हा निघायला तयार झाली. गुडघा बरा झाला होता, पण पूर्वीसारखा वाकत नव्हता. बाबांनी सुताराकडून एक छोटं स्टूल करून आणलं आणि गाडीच्या दाराशी ठेवलं. आईनं त्या स्टुलाकडे अशी नजर टाकली की मी दोन पावलं मागे सरकले. "मी काय म्हातारी झाली काय? चार बाया पायतात तिथी, त्यायच्यासमोर मले स्टूल मांडता?" बाबा म्हणाले, "अवं, पायाले आराम." आई म्हणाली, "आराम मसनात." स्टूल गाडीत गेलं खरं, पण वडनेरला पोचल्यावर ते सापडेना. आईनं ते वाटेतल्या एका थांब्यावर सोडून दिलं होतं, आणि हे बाबांना, मला, कदाचित त्या स्टुलालाही कळलं होतं. त्या दिवशी बाबा बराच वेळ गाडीखाली आडवे पडून होते. मी विचारलं तर म्हणाले, तेल गळते का ते पायतो.

दुसऱ्या दिवशी आई भराभर चढली आणि उतरली. रात्री झोपताना वैद्यानं दिलेलं तेल गुडघ्याला चोळत बसली आणि शांताबाईला दुपारी ऐकवायची, "तेलानं लय फरक पडला वं. पाय आता गिरकीवानी उचलते." ते तेल मग आमच्या घरात देवासारखं झालं. दरसाल दिवाळीत ती ते आणवायची, दरसाल गाडीत बसताना म्हणायची, पाय पहिल्याहून हलका झाला. मोहल्ल्यातल्या निम्म्या बायांनी तिच्या सांगण्यावरून ते तेल घेतलं आणि कोणालाही काडीचा गुण आला नाही.

बाबा जाऊन दोन पावसाळे झाले. मागचे दोन हंगाम गाडी ताडपत्रीखालीच होती. मी ती बाबांकडूनच, वडनेरच्या जिनिंगच्या मोकळ्या मैदानात चालवायला शिकले होते, त्यामुळे नेण्याची अडचण नव्हती. अडचण गाडीचीच होती. गजूभाऊंकडे नेली तेव्हा वाटेत प्रत्येक खड्ड्याला पुढून असा दणका बसे की दात वाजत. गजूभाऊ आता साठीच्या पुढे गेलेत, पण गाडीखाली अजून स्वतःच सरकतात. बाहेर आले ते मान हलवत.

"ताई, समोरून बसली हाय पुरी. खालच्या दणक्याच्या रबरावर टेकून राह्यली. टायर पाहा, आतून खाल्ले सारे."

टायर आतून खाल्लेले मी लहानपणापासून पाहत आले होते. पोस्टकार्डानं फट मोजणारा माणूस स्वतःच्या गाडीचे टायर दर दोन वर्षांनी असे वाया कसे जाऊ देतो, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. जुनी गाडी, चालायचंच, एवढंच बाबा म्हणायचे.

या गाडीला पुढे नेहमीच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा नाहीत. दोन्ही बाजूंना खालून एकेक लांब पोलादी सळई गेली आहे. चाक वर उचललं की सळई पिळली जाते, आणि त्या पिळावर गाडी तोलते. सळईच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की पीळ वाढतो, गाडीचं नाक वर येतं. सैल केला की नाक खाली. गजूभाऊंनी हे मला जमिनीवर खडूनं काढून दाखवलं आणि मी लगेच वहीत लिहून घेतलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत किती अंतर हवं तो आकडा त्यांच्या डोक्यात होता. आमची गाडी त्याच्या चार बोटं खाली होती.

दाराच्या कप्प्यात पऱ्हाटीची एक वाळलेली काडी होती. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, आणि काडी त्याची सरळसोट फांदी, हातभरापेक्षा थोडी लांब, सालीवर पाच बारीक खाचा. ती मी ओळखली. आठवीच्या त्या सुट्टीत बाबांनी वडनेरच्या शेतातून कापून आणली होती आणि मी विचारल्यावर 'गाडीचं माप' म्हणाले होते. मी ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डला लावली. जुळेना. बंपरखाली लावली, दिव्याखाली लावली. एकही खाच कुठं बसेना. गजूभाऊ म्हणाले, "असं काई माप नसते ताई. टेप धरा." मी काडी परत कप्प्यात टाकली. बाबांचंही कधी माप चुकत असेल, असंही मनात आलं. ते आठवून आज माझी मलाच लाज वाटते.

दोन दिवस काम चाललं. गजूभाऊ जॅक लावून नाक उचलत, चाकं लोंबत, मग बोल्टाचे आटे दोन्हीकडे सारखे फिरवत. गाडी खाली घेतली की लगेच मोजायचं नाही. आम्ही दोघं ती चार हात पुढे, चार हात मागे ढकलायचो, बंपरवर उभं राहून दाबायचो, म्हणजे सळया आपल्या जागी बसतात. शिवाय रिकामी मोजायची नाही. "ज्या वजनानं चालन त्या वजनानं मोजा," गजूभाऊंचं म्हणणं. म्हणून मी घरून ट्रंक, स्टोव्हची पेटी, आईची भांडी आणून आत ठेवली, ड्रम पाण्यानं भरला. डावीकडे आईच्या जागी तिच्या वजनाचं ज्वारीचं पोतं ठेवलं. आई म्हणाली, मी येऊन बसू काय? मी म्हटलं, तू थेट जायच्या दिवशी बस, नवीन गाडीसारखी करून देते.

आणि केली. दोन्ही बाजू दोऱ्याइतक्याही फरकाविना सारख्या. पुढचे दिवे आता समोर बघत होते. खड्डा आला तर गाडी नुसती हेलकावत होती. मला इतका आनंद झाला की मी शाळेतल्या पोरांनाही ती गोष्ट सांगितली.

जायच्या सकाळी आईनं जांभळ्या काठाचं लुगडं नेसलं. शांताबाईसाठी शेंगदाण्याची चटणी, भाकरी, एक नवा टॉवेल, अशी पिशवी भरली. आदल्या दिवशी तेलही चोळलं होतं. गाडीशी आली, डाव्या हातानं दार धरलं आणि उजवा पाय उचलला.

पाय पायरीच्या कडेला लागला आणि परत आला. तिनं पुन्हा उचलला. या खेपेला बोटं टेकली, पण अंग वर जाईना. मी मागून धरायला गेले तर तिनं कोपरानं मला दूर केलं. तिसऱ्यांदा तिनं पाय उचललाच नाही. पायरीकडे थोडा वेळ बघत राहिली.

मी शहाणी. म्हटलं, "थांब, स्टूल आनते."

"राहू दे," ती म्हणाली. "माह्यं झालं आता. तेलानंबी काई होत नाई." पिशवी तिथंच ठेवली आणि आत गेली. मी मागोमाग गेले तोवर तिनं लुगडं बदलायला घेतलं होतं. पाठमोरीच बोलली. "भाकरी खाऊन घे तू. अन् ते गाडी कोनाले तरी देऊन टाक. उगीच आंगन अडवून राह्यली."

माझी आई रुसते, भांडते, ताट सरकवते. हे सगळं मी झेलू शकते. पण तिचं नुसतं शांत बोलणं नाही. बाबा गेले तेव्हा ती अशीच बोलली होती, चहात साखर किती घालायची असं विचारल्यासारखी. वडनेरचं जाणं तिनं सोडलं एवढंच असतं तर मी तिला महिनाभरानं पुन्हा मनवलं असतं. तिनं सोडलं होतं ते बाहेर पडणंच. एकदा तिनं पाय घरात घेतला की तो परत काढायला लावणारा माणूस आता घरात नव्हता.

मी अंगणात येऊन गाडीच्या पायरीशी खालीच बसले. आईनं दार धरून झटका दिला तेव्हा कप्प्यातली काडी खाली पडली होती आणि पायरीला टेकून उभी राहिली होती. मी ती उचलायला हात घातला आणि तसाच राहू दिला. काडीचं एक टोक जमिनीवर होतं. सगळ्यात वरची खाच पायरीच्या कडेशी बरोबर, दोऱ्याइतक्याही फरकाविना, जुळली होती.

खाली आणखी चार खाचा. एकेक बोटाच्या अंतरानं. सगळ्यात खालची चार बोटं खाली.

गणितात एखादं उदाहरण अडलेलं असतं आणि मग एकदम सुटतं तेव्हा आनंद होतो. हे सुटलं तेव्हा मी पदर तोंडात कोंबला. काडी चाकाची नव्हतीच, ती आईच्या पावलाची होती. तिचा पाय जितका कमी उचलला जाई तितकं बाबा घर खाली आणत होते. एक बोट, मग काही वर्षांनी आणखी एक. त्यासाठी टायर वाया जाऊ दिले, कंबर मोडणारे दणके खाल्ले, मिस्त्रींची बोलणी ऐकली. आणि श्रेय सगळं तेलाला जाऊ दिलं. मी त्यांची चूक दुरुस्त करायला निघाले होते.

मग आणखी एक गोष्ट आठवली. दिवाळीच्या दिवसांत बाबा सकाळचा चहा मागच्या अंगणात घ्यायचे. मागच्या दाराला दगडाच्या तीन पायऱ्या आहेत, तिन्ही वेगवेगळ्या उंचीच्या, गवंड्यानं नशेत बसवल्यासारख्या. आई बादली घेऊन त्यांच्यावरून जा-ये करायची आणि बाबा चहा निववत तिच्याकडे बघत बसायचे. मला वाटायचं, काय हा माणूस, या वयात बायकोकडे टक लावून बघतो. मैत्रिणींना सांगून हसलेही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन मागच्या अंगणात बसले. आई तुळशीला पाणी घालायला उतरली आणि परत चढली. पहिल्या, सगळ्यात ठेंगण्या पायरीवर काही नाही. दुसरी जरा उंच, तीही सहज. तिसऱ्या, सगळ्यात उंच पायरीला तिनं भिंतीला हात लावला. ती आत गेल्यावर मी काडी त्या दुसऱ्या पायरीशी उभी धरली. पायरीची कड शेवटच्या खाचेच्याही एक बोट खाली आली.

गाडी घेऊन मी गजूभाऊंकडे गेले आणि सांगितलं की उतरवा, पाच बोटं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, परवाच त बसवली. काऊन?" मी काडी पुढे केली आणि गाडीच्या पायरीशी लावून दाखवली. ते उकिडवे बसले. एकेका खाचेवर अंगठा फिरवला. मग बराच वेळ हात पुसत राहिले, फडक्यानं, आधीच पुसलेले हात.

"काई काई वर्सांनी दिवाळी आली का मोठा पाना मागून नेत ते माह्यापासून," ते म्हणाले. "मी म्हनो, फिटर मानूस, त्यायले कायले विचारा. टायरवरून किती बोललो मी त्यायले. हासत नुसते."

ते लगेच गाडीखाली सरकले. खालून आवाज आला, "ते दणक्याचं रबर थोडं कापा लागन. अन् हळू चालवा. खड्डा दिसला का थांबूनच घ्या." मी म्हटलं, बरं. त्यांनी बोल्ट सैल केला तसं गाडीचं नाक खाली आलं, दिवे पुन्हा जमिनीकडे बघायला लागले. आम्ही ती पुढे-मागे ढकलली, दाबली, मी काडीनं मोजली. टेप काढलाच नाही. सहावी खाच मी करवतीच्या पात्यानं पाडली. माझी खाच बाबांच्या खाचांइतकी सुबक नाही, जरा वाकडी गेली.

आईला सांगितलं की टेप खोटा निघाला, गजूभाऊंनी गाडी चुकीची बसवली होती, आता नीट केली. वीस वर्षं मापाचं शिकवून मी मापाविषयी धडधडीत खोटं बोलले आणि बिचाऱ्या गजूभाऊंच्या नावावर घातलं. ती म्हणाली, "असं व्हय." एवढंच. पण रविवारी सकाळी उठले तर ती चटणी कुटत होती, आणि जांभळ्या काठाचं लुगडं खुंटीवर होतं.

गाडीशी आली. मी मुद्दाम पलीकडे, माझ्या बाजूला जाऊन उभी राहिले, काच पुसायचं नाटक करत. दार धरल्याचा आवाज आला. मग सीट कुरकुरली. मी वाकून पाहिलं तर आई आत बसली होती, पदर नीट करत, पिशवी मांडीवर. श्वाससुद्धा लागला नव्हता.

"आलं की नाई तेल कामाले?" मी म्हटलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

ती समोर बघत होती. म्हणाली, "एक बोट जास्तच उतरवली वं तू."

माझ्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"हाव. पहिल्या सालापासून. खडबड आयकू येत नसन काय मले? मी काय बहिरी हाय?"

"मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं? मी उतरवली असती नं."

तिनं पिशवीचा बंद उगाच सोडला, परत बांधला. "कोनाले सांगू? मले वाटलं, ते होते तवर उतरवत. आता कोन उतरवते."

मला तिच्याकडे बघवेना. मी वर चढून बसले, चावी लावली, आणि इंजिन गरम होण्याची वाट बघतोय असं दोघींनीही दाखवलं. मग मला राहवेना. "सारं माहीत होतं, त मंग इतके वर्सं तेल कायले चोळत बसे तू?"

"त्यायले बरं वाटे," आई म्हणाली. आणि हात पुढे करून, "ते काडी दे इकडं. सांभाळून ठेवतो. पुढच्या दिवाळीले लागन तुले."

मी काडी दिली. तिनं ती दाराच्या कप्प्यात, तिच्या बाजूला, उभी ठेवली. फाटकातून निघताना पुढचा भाग उंबऱ्याला खर्रकन घासला आणि आई ओरडली, "हळू घे नं माय, खालून लागते." नांदुरा रोडला लागलो तेव्हा बाभळी दोन्ही बाजूंनी पांढऱ्या झाल्या होत्या, आणि मी वडनेरपर्यंत गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच चालवली.